खातूनबीचं जुनेर

खातूनबीला किळस फार. चारचौघांना येते तशी अधूनमधून नव्हे. सकाळी डोळा उघडला की सुरू. रात्रभर उघडं राहिलेलं पाणी, मिशीला चहा लागलेला पुरुष, न धुता चिरलेली मेथी, तंबाखू चघळत नातवाचा मुका घेणारा आजा, या सगळ्यांसाठी तिच्याकडं एकच शब्द होता : "थू!" हा शब्द ती नुसता बोलत नसे, करून दाखवी. फक्त तोंड पश्चिमेला असलं तर आधी वळायची, कारण तिकडं काबा. त्यामुळं उमरग्याच्या रस्त्यावर एखादी उंच, हाडकुळी म्हातारी मध्येच थांबून स्वतःभोवती अर्धी गिरकी घेताना दिसली की लोक समजत, खातूनबीला काहीतरी दिसलंय.

गंमत अशी की ही बाई धंद्यानं दाई. कोपरापर्यंत रक्तात हात घालणारी. कुणी तिला विचारलंच, की तेव्हा कशी गं किळस येत नाही, तर ती विचारणाऱ्याकडं अशी बघे की त्यालाच आपण आंघोळ केली होती का हे आठवावं लागे. "रक्ताची काय किळस? रक्त सोच्छ असतंय. बाहेरनं येनारा हात घान असतोय." तिचे हात मात्र राखेनं घासून घासून पांढुरके पडले होते. नखं इतकी कापलेली की बोटांच्या टोकांना लहान मुलासारखा गुबगुबीतपणा आलेला.

उमरग्यापासून तीन कोसांवर तिचं गाव. गावाला नाव होतं, पण खातूनबी ते घेत नसे. 'त्ये गाव' म्हणे, आणि तेवढं म्हणतानाही तोंड धुवायला पाणी जवळ आहे ना हे बघे. त्या गावात पस्तीस वर्षं तिनं बाळंतपणं केली. मराठ्यांची, लिंगायतांची, धनगरांची, मुसलमानांची. तिला विचारलं तर म्हणे, "समदी वल्ली नि किरकिरी. जात बारशाच्या दिशी चिकटती." नवरा जैनोद्दीन कापूस पिंजायचा. दोघांना मूल नव्हतं, पण गावात जाईल तिथं कुणाच्या तरी बेंबीकडं बोट दाखवून "ही म्या बांदलीया" असं ती सांगू शकायची.

रझाकारांच्या दिवसांत लॉरीतनं टोळकं यायचं, तिच्या ओट्यावर बसून चहा मागायचं आणि गावात सोनं कुणाच्या घरी आहे ते विचारायचं. खातूनबी त्यांच्यावर थुंकली होती. तेही लांबून नव्हे. पुढं पोलीस ॲक्शन झालं, रझाकार पळाले, आणि गावाचा राग जे पळाले नव्हते त्यांच्यावर निघाला. जैनोद्दीन धनुकली खांद्यावर टाकून शेजारच्या वाडीला गेला होता, तो परत आला नाही. घराचं कवाड बलभीमनं पाडलं.

या बलभीमची गोष्ट सांगायला हवी. गावातल्याच धुरपदाबाईचा हा थोरला मुलगा पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला. पायाळू माणसानं कंबरेत लाथ मारली की उसण जाते अशी समजूत असल्यामुळं पंचक्रोशीतली वाकलेली माणसं बलभीमच्या दारात रांग लावत आणि तो एकेकाला मोठ्या श्रद्धेनं लाथा घाली. अडकलेल्या पायांना तेल लावून, वळवून, एक दिवस आणि वर अर्धा दिवस खटपट करून ते पाय जगात आणले होते खातूनबीनं. त्याच पायांनी त्यानं तिचं कवाड पाडलं. खातूनबीला आठवलं की ती हात धुवायला उठे.

तर पोलीस ॲक्शननंतर अशा उठलेल्या गावांतल्या बायका उमरग्याच्या बाहेर कापसाची सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनाच्या शेडमध्ये आणून ठेवल्या होत्या. तात्पुरत्या. त्या तात्पुरत्याला आता तीन वर्षं होत आली होती. तीस-बत्तीस बायका, त्यांची पोरं, वर पत्रे, खाली कापसाच्या धुळीचा राखी थर. काहींनी पुन्हा निकाह लावले होते, काही दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जात, काही नुसत्या बसून असत. कुणावर काय गुदरलं होतं ते खातूनबीच्या हातांना कळलं होतं. तिच्या तोंडातून ते कधी बाहेर आलं नाही. एकदा कुठल्याशा मंडळाचे एक गृहस्थ फाउंटन पेन घेऊन आले आणि बायकांना ओळीत बसवून विचारू लागले, "कुणावर काही अनुचित प्रकार?" खातूनबी उठली, त्यांच्या पेनाला टोपण घातलं आणि त्यांना फाटकापर्यंत पोचवून आली. परत येताना तिनं दोन गिरक्या घेतल्या.

शेडचा कारभार वीरभद्र नावाच्या व्यवस्थापकाकडं होता. माणूस वाईट नव्हता. धान्यात खडे निघाले तर भांडायचा, हिवाळ्यात घोंगड्या मिळवायचा. पण स्वच्छ धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि बायकांच्या कुठल्याही गोष्टीचं नाव निघालं की कानावर हात. त्याच्याकडं या सगळ्या प्रदेशाला एकच शब्द होता, 'तसलं'. "तसलं माझ्यापुढं बोलू नका." "तसलं तुम्ही आपसांत बघा की हो." बाळंतपण तसलं, महिना तसलं, अंगावरून पांढरं जाणं तर फारच तसलं.

आणि शेडमधलं मुख्य दुखणं नेमकं तसलंच होतं.

सरकार वर्षाला बाईमागं दोन नवी लुगडी देई. घट्ट खळीची, जाड, पत्र्यासारखी उभी राहणारी. देणाऱ्याला वाटे, झालं. पण बाईला महिन्याला लागतं ते नवं कापड नव्हे. तिला लागतं जुनेर. धुऊन धुऊन, नेसून नेसून सायीसारखं झालेलं. घर असलं की जुनेर आपोआप असतं. गाठोड्यात असतं, उतरंडीमागं असतं, सासूनं जपून ठेवलेलं असतं. जी अंगावरच्या एका वस्त्रानिशी पळाली तिला सरकार नवं देईल, जुनं कोण देणार? तीस बायका आणि जुनेर एकीकडंही नाही. मग त्यांनी जे मिळेल ते घेतलं. गोणपाटाचे तुकडे. खळीचं धडुतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेडच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं साचलेला जिनातला कापूस, ज्यात पालाही होता, सरकीही होती आणि उंदरांचे संसारही होते. त्यातून खाज, आग, फोड, ताप. वापरलेलं धुतलं तर वाळवायचं कुठं? समोर हैदराबादचा रस्ता, लॉर्‍या, क्लीनरांच्या शिट्ट्या. म्हणून ओलीच फडकी अंथरुणाखाली दडपायची आणि तशीच पुन्हा घ्यायची. खातूनबी सकाळी शेडमधून फिरे तेव्हा वासावरूनच सांगे, कुणाला काय झालंय. "अगं घानेरड्यांनो, ढोरं बरी तुमच्यापरीस! ढोर उन्हात तरी बसतंय!" आणि मग बाहेर जाऊन लिंबाचा पाला उकळायला टाके.

पहिल्याच थंडीत हुसेनबी त्या कापसानं गेली. बाळंतपण सरळ झालं होतं. रक्त थांबेना म्हणून खातूनबीनं हाताशी होता तो कापूस लावला. दुसरं काहीच नव्हतं. चौथ्या दिवशी ताप चढला, नवव्या दिवशी हुसेनबी गेली, मागोमाग पोरही. खातूनबीनं त्यानंतर पंधरा दिवस भाकरी हातात धरून खाल्ली नाही. कुणीतरी तुकडा तोंडात टाकायचा. हात तिला स्वतःचेच घाण वाटत होते.

म्हणून बिबीजानला दिवस गेले तेव्हा शेडमध्ये बाकीच्या हसल्या, खातूनबी हसली नाही. बिबीजान एकोणीस वर्षांची, अंगानं काडी, तोंडानं लॉरी. तिचा नवरा आयुब सोलापूरच्या एका गाडीवर क्लीनर होता आणि पंधरवड्यातून एकदा उतरायचा.

"खाला, मला काय नको, मला नुसतं चिच्चा पायजेत," बिबीजान म्हणाली.

"चिच्चा खा. पन मला जुनेर पायजे. पाचवा म्हयना लागलाय तुला. चार म्हयन्यांत मला दोन लुगडी जुनेर पायजे. न्हाय तर म्या हात लावनार न्हाय."

"नका लावू. म्या आपली बसून ऱ्हाते पोट घिऊन."

"बस. रझाकारागत बस."

उमरग्यात घरोघर फिरून पाहिलं तिनं. पण अंगाला लागलेलं कापड अनोळखी बाईच्या हातात कोण देईल? भानामतीची भीती सगळ्यांना. एकीनं तर दारातूनच विचारलं, "कापूड कशाला पायजे गं, बाहुली करती का?" खातूनबीनं तिच्या उंबऱ्यापाशीच गिरकी घेतली. मग तिनं अर्ज करायचं ठरवलं.

तहसिलीपुढच्या लिंबाखाली चाँदपाशा अर्जनवीस बसे. निजामाच्या काळात त्याच्या उर्दूला फार भाव होता. आता कचेऱ्यांत इंग्रजी आणि मराठी शिरल्यानं त्याच्यापुढं माशाच जास्त बसत. त्यानं खातूनबीला सतरंजीची धड बाजू दिली.

"काय लिहू आपा?"

"लिवा, शेडमदल्या बायांना जुनेर पायजे."

"कशासाठी?"

खातूनबीनं सांगितलं. सगळं सांगितलं. गोणपाटापासून उंदरांपर्यंत. चाँदपाशाचा बोरू हवेत थांबला, टोकाचा शाईचा थेंब कागदावर पडला आणि त्याचे कान पिकल्या मिरचीसारखे झाले.

"आपा, हे कागदावर कसं लिहायचं? वर साहेब लोक वाचतात."

"सायबाला आई न्हवती?"

"आई असंल, पण ती अर्जात नव्हती."

शेवटी त्यानं त्याच्या सभ्यपणाला झेपेल असं लिहिलं. साडेतीन ओळी नुसते सलाम आणि अदब. मग एकच वाक्य : शेडमधल्या औरतांना जुनेरची सख्त जरुरत आहे, त्यावाचून त्यांचे फार हाल होत आहेत. कशासाठी, ते नाही. खातूनबीनं अंगठा उठवला आणि बोट तिथंच मातीनं घासून काढलं.

आता उर्दूत हा शब्द जीम, नून, ये, रे अशा चार अक्षरांत बसतो, आणि मधल्या स्वरांचं काय करायचं ते वाचणाऱ्याच्या मनावर असतं. वरच्या कुठल्याशा टेबलावर तो अर्ज ज्याच्यापुढं गेला त्यानं आयुष्यात जुनेर हा शब्द कागदावर पाहिलेला नव्हता. बायकांच्या गाठोड्यातला शब्द, तो कागदावर कशाला येईल? त्यानं डोकं चालवलं आणि भाषांतर करून टाकलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं. वीरभद्रनं खातूनबीला बोलावलं.

"खातूनबी, जुन्नरला कोण आहे तुमचं?"

"कुठं?"

"जुन्नर. पुणे जिल्हा. तुम्हा सगळ्यांना तिकडं जायचंय म्हणून अर्ज केलाय की तुम्ही."

"म्या? पुन्याला?"

"वाचून दाखवतो. इंग्रजी आहे, मराठीत सांगतो. अर्जदार स्त्रियांची जुन्नर येथे जाण्याची तीव्र इच्छा विचारात घेतली. परंतु सदर गाव मुंबई राज्यात मोडत असल्याने हैदराबाद राज्यास ते देता येत नाही. तेथे कोणी नातेवाईक असल्यास नाव, वय, व्यवसाय कळवावा."

खातूनबीनं त्या कागदाकडं बघितलं. मग पोटातून काहीतरी वर आल्यासारखी हसू लागली. बाहेर बायका धावल्या. तीन वर्षांत कुणी ते ऐकलं नव्हतं. "जुनेर मागितलं तर जुन्नर! अय्यो मां! मागितलं फडकं, नि म्हनत्यात गाव दिऊ शकत न्हाई!" हसता हसता तिची नजर दारात उभ्या बिबीजानच्या पोटावर गेली. नववा महिना लागलेला. खाली उतरत आलेलं. हसू तिथंच थांबलं.

"सायेब, जुनेर म्हंजे जुनं लुगडं. त्ये लागतं कशाला, आता ऐका."

"तसलं नको, खातूनबी—"

"ऐकाच. हात काडा कानावरचं. बाया हायेत म्हनून शेड हाय नि शेड हाय म्हनून तुमची खुर्ची हाय." आणि तिनं त्याला महिना, बाळंतपण, वार, हुसेनबीचा नववा दिवस, सगळं एका दमात सांगितलं. वीरभद्रनं कानावरचे हात खाली घेतले. त्याचे भस्माचे पट्टे घामानं एकमेकांत मिसळले. शेवटी तो अगदी हळू म्हणाला, "हुसेनबी... तेवढ्यानं गेली?"

"तेवड्यानंच."

"मी 'ज्वर' लिहिलंय रजिस्टरला."

"तुमी काय बी लिवा."

त्यानं कपाटातून नियमांची चोपडी काढली, पानं उलटली आणि तोंड आणखी पडलं. "वापरलेले कपडे वाटायचे नाहीत असा नियम आहे. रोग पसरतो म्हणे."

खातूनबी दारापर्यंत गेली. तिथं तोंड पश्चिमेला होतं. ती वळली. आता समोर वीरभद्र होता. तिनं ते तोंडातच ठेवलं आणि बाहेर निघून गेली, आणि त्याच्या बाबतीत तिनं एवढी माया पुन्हा कधी दाखवली नाही.

जुनेर ओळखीच्या हातातच पडतं. खातूनबीचा हात ज्या बायकांच्या ओळखीचा होता त्या सगळ्या एकाच गावात राहत होत्या. हे तिला अर्ज लिहितानाही माहीत होतं. अर्ज लिहिला तोच मुळी तिथं जावं लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. तीन कोस चालली. वेशीपाशी थांबली, पाण्याचा तांब्या सोबत आणला होता त्यातले दोन घोट प्यायली, कारण त्या गावचं पाणी तोंडात घालायचं नव्हतं. मारुतीच्या पारावर बसलेली चार माणसं तिला बघून एकदम कामाची झाली. एक चपलेचा अंगठा बघू लागला, एक आभाळ. चौघांच्याही नाळा तिनं कापलेल्या. स्वतःच्या घराकडं तिनं बघितलं नाही. तिथं कुणाची तरी म्हैस बांधलेली आहे हे वासावरून कळलंच.

धुरपदाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मान वर केली, आणि मिरच्या सूपासकट खाली पडल्या.

"खातूभाबी! तुमी?"

"म्या."

"बसा की. आवो बसा. पानी आनते."

"नको. बसायला आले न्हाय. जुनेर हाय का?"

एवढंच. साडेतीन ओळींची अदब नाही, नातेवाइकाचं नाव-वय नाही. धुरपदाबाईनं पदर खोचला.

"बाळंतीन हाय व्हय?"

"एक बाळंतीन. बाकी तीस हायेत, म्हयन्याच्या म्हयन्याला."

"तीस! आगं माय. आन् काय घेत्यात मग?"

खातूनबीनं सांगितलं. धुरपदाबाईनं तोंडावर हात घेतला आणि तिलाही शिसारी आली. ती बघून खातूनबीला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. मग धुरपदाबाई गल्लीत गेली, ह्या दारात त्या दारात कुजबुजली, आणि अर्ध्या घटकेत परकरांत, पदराखाली, टोपलीत झाकून जुनेर येऊ लागलं. आणणाऱ्या बायका खातूनबीच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या. गाठोडं खाली ठेवून "हाय का बरी?" एवढं जमिनीला विचारत आणि सटकत. एकीनं तिच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला. खातूनबीनं पाय मागं घेतला.

मग ती अंगणात उकिडवी बसली आणि एकेक धडुतं उलगडून, उन्हाकडं धरून बघू लागली. "ह्ये फाटलंय, चालंल. ह्यात तेल हाय, नको. ह्याला हळद हाय, असू दे, उकळलं की जाईल. थू! ह्यानं कुनी दिवा पुसलाय." फेकलेलं वेगळं, घेतलेलं वेगळं. आणि धुरपदाबाईनं सगळ्यात शेवटी घरातून आणून ठेवलेलं एक हिरवं लुगडं तिनं उचललं. विरून जाळी झालेलं. करवंदी काठ. पदराशी काळ्या दोऱ्यानं केलेलं वाकडंतिकडं रफू. खातूनबीची शिलाई सगळ्या गावात वाईट होती. फाटलेली बाई शिवता येते पण पदर शिवता येत नाही, असं जैनोद्दीन म्हणायचा.

अंगणात मिरच्यांचा ठसका होता. दोघींपैकी कुणी शिंकलं नाही.

"नेसलीस?" खातूनबीनं विचारलं.

"नेसले."

"किती दिस?"

"दोन वर्सं." धुरपदाबाई सांडलेल्या मिरच्या सुपात भरू लागली. "बलभीमनं आनून टाकलं. म्या इचारलं न्हाय कुनाचं. ठावं होतं म्हनून इचारलं न्हाय."

खातूनबीनं ते कापड दोन बोटांत चोळलं. तिच्या चेहऱ्यावर अशी किळस आली की ती सगळ्या अंगणाला पुरून उरली असती. मिरच्यांना, म्हशीला, स्वतःच्या त्या दोन बोटांनाही. असं वाटलं, आता ती ते फेकणार. पण बोटं चोळतच राहिली, कारण बोटांना दुसरंच काहीतरी कळत होतं.

"म्हनूनच मऊ झालंया," ती म्हणाली, आणि ते घेतलेल्या ढिगावर टाकलं.

गाठोडं मोठं झालं. तेवढ्यात बलभीम कुठून तरी आला, ओट्याच्या कडेला उभा राहिला आणि घशातल्या घशात म्हणाला, "मावशी, गाडी जुपतो. सोडून येतो."

"तू शिवू नको गाठोड्याला."

"वझं लई हाय मावशी—"

"तू शिवलास तर मला पानी जास्ती उकळाय लागंल. तितकं सरपन न्हाय माझ्याकडं."

"भाबी," धुरपदाबाई मागून आली, "राग हाय का अजून?"

"राग न्हाय गं. राग आला नि गेला." खातूनबीनं गाठोडं डोक्यावर चढवलं. "किळस हाय."

आणि ती चालू लागली.

शेडच्या फाटकात वीरभद्र उभा होता. गाठोडं बघून त्यानं नियमांची चोपडी आठवल्यासारखं केलं.

"काय हो ते? कुठनं आणलंत?"

"जुन्नरहून," खातूनबी म्हणाली. वीरभद्रनं क्षणभर विचार केला, बाजूला झाला आणि तिच्यासाठी फाटकाचं दुसरं दार उघडून धरलं.

दोन दिवस चूल विझली नाही. प्रत्येक धडुतं सोड्याच्या पाण्यात उकळलं, मग लिंबाच्या पाण्यात उकळलं, आणि हिरवं लुगडं तिनं तिसऱ्यांदा एकटंच उकळलं. वाळवायचा प्रश्न आला तेव्हा ती वीरभद्रच्या खोलीत गेली आणि म्हणाली, मागं आडोसा नसल्यानं दर महिन्याची फडकी आता तुमच्या खिडकीपुढच्या तारेवरच घालावी लागणार. संध्याकाळच्या आत शेडमागं बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा उभा राहिला, वरून उघडा, उन्हाला मोकळा. वीरभद्रनं स्वतः दोन खांब धरले म्हणतात. तोंड दुसरीकडं करून.

बारा दिवसांनी सकाळी बिबीजानला कळा सुरू झाल्या. आरडाओरडा तिनं असा केला की रस्त्यावर एक लॉरी थांबली.

"खाला, मरते गं मी!"

"मर. पन आदी खाली जोर कर."

"तुमी लई घान बोलता!"

"म्या घान बोलते, हात सोच्छ हायेत. जोर!"

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मुलगी झाली. ओली आणि किरकिरी. वार पुरी आली. खातूनबीनं ती ताटलीत पसरून, फिरवून, तुकडा राहिला नाही ना हे दोनदा पाहिलं. मग ढिगात हात घातला आणि सगळ्यात मऊ होतं ते ओढलं. हिरवं. एका झटक्यात त्याचे दोन भाग केले, मग चार. फाटताना आवाजसुद्धा झाला नाही इतकं ते विरलेलं होतं.

मग वाट बघणं. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. खातूनबी बिबीजानच्या कपाळाला हात लावे, मग पोटाला, मग फडकं उचलून वास घेई. चौथ्या दिवशी ती सकाळपासून उठलीच नाही तिच्या जवळून. बायका जेवण घेऊन आल्या, तर "ठिवा तिकडं." बिबीजानला घाम आला तर ही पांढरी पडे, उकाड्याचा घाम आहे हे बिबीजाननंच तिला सांगावं लागे. पाचवा. सहावा. आयुब सोलापूरहून जिलेबी घेऊन आला आणि खातूनबीनं त्याची नखं कापून घेतल्याशिवाय त्याला मुलीला हात लावू दिला नाही. दहाव्या दिवशी सकाळी बिबीजाननं ठेचा मागितला, मिळाला नाही म्हणून भांडली, आणि भांडताना तिचा आवाज शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

खातूनबीनं तिच्या गळ्याला हात लावला. गार. मग स्वतःचा तळवा उलटासुलटा करून बघितला, आणि कोपऱ्यातल्या ताटलीतली भाकरी उचलून, स्वतःच्या हातानं तोडून, बिबीजानच्या समोर बसून खाल्ली.

"खाला," बिबीजान म्हणाली, "ज्या बाईनं ही कापडं दिली तिला माझा सलाम सांगा."

"सलाम कशाला सांगू? म्या न्हाय सांगनार."

"मग काय सांगनार?"

"आनखी काय हाय का इचारनार." खातूनबीनं भाकरीचा शेवटचा घास गिळला. "तीस जनी हायेत. फुडल्या म्हयन्यात कमी पडतंय. जावं लागनार त्या घान गावाला." आणि ती उठून बाहेर, तट्ट्यांच्या आडोशाकडं गेली, फडकी पुरती वाळली का ते बघायला.